वाळूच्या पिशव्या

“अजून एकदा,” मी म्हटलं.

“मरते मी आता,” आत्या म्हणाल्या.

“एकदा उठा, मग खुशाल मरा.”

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिनं तिथनं काढता पाय घेतला असता. मग वाळूची पिशवी छातीशी धरून त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या, पाय मागं घेतले आणि कशालाही न धरता उठल्या. गुडघे वाजले. उभ्या राहिल्यावर खिडकीकडं तोंड केलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, “एवढं तर माज्या सासूनं बी मला छळलं न्हाई.”

खिडकीबाहेर शेजारच्या जगदाळेकाकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले. मला ते दिसलं आणि आत्यांनाही दिसलं.

“बसा आता,” मी म्हटलं. “सावकाश. धपकन नाही.”

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो, दोन खोल्या आणि मागं मोरी. आमचे हे कारखान्याच्या वजनकाट्यावर होते, मी कॉलनीच्या बालवाडीत शिकवायची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं, बाई उंच, बोलणं कडक. त्या कधी कुणापुढं वाकल्या नव्हत्या, आणि मग एका सकाळी तुळशीला पाणी घालून वळल्या आणि पडल्या. पाय घसरला नाही, अडखळल्या नाहीत, नुसत्या वळल्या. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं.

कराडला नेऊन सळई घातली. मोठे डॉक्टर म्हणाले, हाडं पार ठिसूळ झालीत, पडल्यामुळं मोडलं की मोडल्यामुळं पडल्या हेही सांगता येत नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. निघताना तिथली व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण, माझी लेक शोभेल एवढी, मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकू, हाड जुळेल. पण आजींना बसवून ठेवू नका. हाडाला ओझं लागतं. ओझं पडलं तर ते घट्ट राहतं, नाहीतर झिजत जातं. गोळ्या घ्याच, पण त्यांना उठवा, चालवा, हळूहळू वजन उचलायला लावा.”

मी मान डोलावली. ऐकलं आणि सोडून दिलं. घरी आल्यावर कोण कुणाला वजन उचलायला लावतंय? आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं. कुणीही घरात आलं की पहिला शब्द ‘बसा’. आत्या तुम्ही बसा, पाणी मी देते. आत्या तुम्ही बसा, लसूण मी सोलते. कॉलनीतली प्रत्येक बाई येऊन त्यांना बसवून गेली. तीन महिने आत्या बसल्या. मांड्यांचं मांस गेलं, नुसती कातडी लोंबायला लागली.

आणि त्या तीन महिन्यांत त्यांना उचलायचं काम माझं. सकाळी काखेत हात घालून उठवायचं, मोरीपर्यंत न्यायचं, प्लॅस्टिकच्या भोकाच्या खुर्चीवर बसवायचं, परत उठवायचं. संध्याकाळी तेच. वजन काही नव्हतं त्यांना, वाळक्या जळणाची मोळी उचलावी तशा हाताला लागायच्या. पण स्वतःचा असा काही जोरच लावायच्या नाहीत, त्यामुळं सगळं माझ्या कंबरेवर यायचं. प्रत्येक वेळी उठवलं की म्हणायच्या, “माफ कर गं पोरी.” मी म्हणायची, “असू दे.” पहिला महिना मनापासून म्हणायची. नंतर नुसती सवय म्हणून. शेवटी शेवटी मी काहीच म्हणत नव्हते.

एक दिवस बालवाडीत खाली वाकले ती वर येताच येईना. भिंतीला धरून उभी राहिले, पोरं हसायला लागली, त्यांना वाटलं बाई खेळ करतायत. त्या दिवशी मला त्या पोरीचे शब्द आठवले. फार शहाणपणानं नाही आठवले. मी थकले होते, दुसरा उपाय नव्हता, एवढंच.

पुढच्या रविवारी मी ह्यांच्या जुन्या खाकी पँटचे पाय कापले, त्याच्या पिशव्या शिवल्या. कॉलनीत बांधकामाची वाळू पडली होती ती चाळून भरली. ह्यांनी वाण्याच्या तागडीवर वजन करून आणलं. आयुष्यभर उसाच्या गाड्या मोजलेला माणूस, वाळू एका बाजूला जरा जास्त झाली तर चिमटीनं काढत बसला होता. लहान पिशव्यांना नाड्या लावल्या, पायाला बांधायच्या. जरा मोठी हातात धरायची. मग मी आत्यांना घेऊन परत कराडला गेले. त्या पोरीनं पिशव्या बघितल्या, हसली, आणि एकेक व्यायाम नीट शिकवला. खुर्चीवरनं उठणं, भिंतीला हात लावून ढकलणं, पाय मागं उचलणं. पाठ वाकवायची नाही, श्वास कोंडायचा नाही, दुखलं तर थांबायचं, सोपं वाटायला लागलं की थोडी वाळू वाढवायची.

“आणि खाली बसता येईल?” आत्यांनी विचारलं. दवाखान्यात त्यांनी स्वतःहून विचारलेला तो एकच प्रश्न.

“येईल आजी. पण बसणं सोपं असतं, उठणं अवघड. उठायचं शिकवते.”

तिनं ते जमिनीवर चटई टाकून करून दाखवलं. आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघे टेकून ओणवं व्हायचं, समोरच्या स्टुलावर हात ठेवायचे, एक पाय पुढं घ्यायचा आणि त्या पायावर जोर देऊन उभं राहायचं. आत्यांनी तोंड वाकडं केलं. “रांगायचं व्हय मी आता?” म्हणाल्या.

घरी आल्यावर रोज सकाळी बालवाडीच्या आधी आमचा हा तमाशा चालायचा. आत्या कटकट करायच्या, मी ओरडायची. माझ्यात गोड बोलायचं त्राण उरलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आत्यांना गोड बोललेलं चालतही नव्हतं. वाळू वाढत गेली. मोरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची गेली. आत्या स्वतःच्या स्वतः जाऊन यायला लागल्या. माफी मागायचं कधी थांबलं ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

खाली बसून उठणं मात्र बेभरवशाचं होतं. कधी जमायचं. कधी ओणव्या झाल्या की तिथंच अडकायच्या, पाय पुढं यायचाच नाही, मग मला काखेत हात घालावे लागायचे. तसं झालं की दिवसभर माझ्याशी बोलायच्या नाहीत.

पण खिडकी उघडी असायची. शालन तिच्या सासूला ओझी उचलायला लावते, ही बातमी कॉलनीभर झाली. नळावर बायका मी आले की गप्प व्हायच्या. एकदा जगदाळेकाकू मला म्हणाल्याच, “शालन, रागावू नको, पण मोडकं माणूस ते. हमालासारखं राबवतीस त्यास्नी?”

“काकू, त्या आता आपल्या आपण मोरीवर जातात,” मी म्हटलं.

“जाऊ देत की. पण देवानं सून दिलीय ती कशासाठी?”

मी घरी येऊन भांडी आपटली.

श्रावण संपता संपता माझ्या नणंदेचा, रत्नावन्संचा पुण्याहून फोन आला. ह्यांच्यापेक्षा मोठ्या, तिकडं स्वतःचा फ्लॅट, मुलं परदेशात. फोन ह्यांनी घेतला आणि बराच वेळ नुसतं ‘हं हं’ करत राहिले. मग फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाले, “म्हाळाला येणारायत. जाताना आईला घेऊन जातो म्हणतायत. कायमचं.”

“कुणी सांगितलं त्यांना?”

“कोण सांगणार. गावाला तोंड आहे.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? तिची पण आईच आहे ती.”

मी आत आले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट असं वाटलं की कुणीतरी येऊन माझ्या खांद्यावरची घागर उतरवून घेतंय. जाऊ देत. पुण्यात लिफ्ट आहे, खुर्चीचा संडास आहे, कामाला बाई आहे. मी सकाळी उशिरा उठेन, चहा बसून पिईन. मला ते हवं होतं. फार हवं होतं, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं सासऱ्यांच्या तिथीचं जेवण. आदल्या दिवशी मी आत्यांची लुगडी धुऊन, घड्या घालून बॅगेत भरली. गोळ्या एका डब्यात घातल्या. वाळूच्या पिशव्या घेऊन थोडा वेळ उभी राहिले आणि त्या पलंगाखाली सारल्या. पुण्याला वाळू कोण नेणार?

आत्या पलंगावर बसून सगळं बघत होत्या. बॅगेची चेन लावली तेव्हाही काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांनाही जायचंय.

म्हाळाच्या सकाळी माझी धांदल उडाली होती. खिरीचं दूध उतू जात होतं, वड्यांचं पीठ कालवायचं होतं. आतनं आत्यांनी हाक मारली, “शालन, पिशवी दे.”

“आज राहू द्या आत्या. एक दिवस नाही केलं म्हणून काही होत नाही.”

थोड्या वेळानं डोकावले तर त्यांनी काठीनं पलंगाखालची पिशवी ओढून काढली होती, छातीशी धरली होती आणि एकट्याच खुर्चीवरनं उठत होत्या, बसत होत्या. खिडकीकडं न बघता. तोंडातून शब्द नाही. मी खुळ्यासारखी बघत राहिले. मग कढईतलं तेल धुरावलं तशी पळाले.

रत्नावन्सं आणि दाजी दुपारच्या आत आले. वन्संनी आत्यांना मिठी मारली, रडल्या, मग त्यांच्या दंडाला हात लावून माझ्याकडं बघितलं. “किती वाळलीय गं आई,” म्हणाल्या. आत्या तेव्हा उलट भरल्या होत्या, पण वन्संनी मधले तीन महिने कुठं बघितले होते.

“बॅग भरली ना?” त्यांनी मला विचारलं.

“भरलीय.”

“शालन, तुझ्यावर माझा राग नाही. तुझंही वय झालं. पण ह्या वयात तिला आराम पाहिजे. कवायत नको.”

“डॉक्टरांनी सांगितलेलं आहे वन्सं.”

“डॉक्टर काय, जिमचं पण सांगतील. तुझ्या आईला लावली असतीस का अशी ओझी उचलायला?”

माझी आई मी दहावीत असताना गेली होती, हे वन्संना माहीत होतं. बोलायच्या भरात विसरल्या असतील. मी पानं पुसायला घेतली. वाद घालायला सुद्धा अंगात जोर लागतो.

कावळ्याला घास ठेवला आणि पानं मांडली. घरची माणसं आणि शेजारी, एवढेच म्हणून एकच पंगत केली. दाजी, हे, वन्सं आणि जगदाळेकाका-काकू. आत्यांचं ताट मी नेहमीप्रमाणं पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि खीर आणायला आत गेले. बाहेर एकदम गलका झाला. मी भांडं तसंच घेऊन धावले.

आत्या खाली बसल्या होत्या. पंगतीच्या पहिल्या जागेवर, जिथं सासरे बसायचे तिथं, पाटावर. पलंगाची कड धरून आपल्या आपण खाली उतरल्या होत्या. पदर डोक्यावरनं नीट घेतला होता आणि एक पाय जरा लांब करून भिंतीला टेकल्या होत्या.

“अगं आई, हे काय? वर बस,” वन्सं म्हणत होत्या. मग ह्यांच्याकडं वळल्या, “बबन, उठव तिला.”

“माज्या धन्याचा म्हाळ हाय,” आत्या म्हणाल्या. “पंगतीत मी वर बसून जेवू? वाढ गं शालन.”

मी त्यांचं ताट स्टुलावरनं उचलून पुढ्यात ठेवलं आणि वाढलं. दुसरं काय करणार? गवार वाढली, भोपळा वाढला, वडे वाढले. हात यंत्रासारखा चालत होता आणि डोक्यात एकच, आता उठणार कशा? गेल्या दोन्ही खेपांना जमलं नव्हतं. पंगतीत सगळ्यांच्या देखत नाही जमलं, तर वन्संना आयतंच कारण मिळेल. मग आत्या आजच जातील आणि मी मोकळी. हे सगळं मला तिथं वाढता वाढता कळत होतं. आत्या शांतपणे जेवत होत्या. खीर दोनदा मागून घेतली.

आमच्याकडं पंगतीची एक रीत आहे. पंगतीतलं सगळ्यात मोठं माणूस उठल्याशिवाय कुणी पानावरनं उठायचं नाही. बाहेर आग लागली तरी नाही. आत्यांनी ती रीत पोरांच्या पाठीत धपाटे घालून शिकवली होती. दाजींचं जेवण झालं. ह्यांचं झालं. वन्संचं झालं. सगळे खरकटे हात ताटावर धरून बसले. आत्यांनी तांब्यातलं पाणी ताटातच हातावर घेतलं, हात पदराला पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

“स्टूल.”

पलंगाजवळचं स्टूल मी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. आत्यांनी ते हलवून बघितलं. मग जावयाकडं वळल्या. “जावईबापू, जरा तिकडं बघा.”

दाजींनी मुकाट्यानं मान फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. जावयापुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई कुशीवर वळली आणि हात-गुडघे टेकून भर पंगतीत ओणवी झाली. पदर घसरला. पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा उघडा पडला.

“आई, अगं काय चाललंय हे,” वन्संचा आवाज रडवेला झाला. त्या उठायला लागल्या.

“बस खाली,” आत्या जमिनीकडं बघतच म्हणाल्या. “मी उठल्याबिगर उठायचं न्हाई.”

वन्सं बसल्या. साठीला आलेली बाई, खरकटा हात पुढं धरून लहान पोरीसारखी बसली. आत्यांनी स्टुलावर हात ठेवले. पाय पुढं घ्यायला गेल्या, आला नाही. पुन्हा गेल्या. पाऊल जमिनीवर घासलं आणि लुगड्यात अडकलं. दम लागला होता, मानेवरची शीर फुगली होती.

“शालन, धर की तिला,” वन्सं ओरडल्या. “तुझे हात मोकळे आहेत ना? बघत काय उभी राहिलीस?”

माझे हात मोकळे होते. पंगतीत फक्त माझेच मोकळे होते. जगदाळेकाकू माझ्याकडं बघत होत्या, हे बघत होते. मी खाली वाकले, आत्यांच्या पावलात अडकलेला लुगड्याचा काठ सोडवला, आणि परत सरळ उभी राहिले. हात पाठीमागं बांधले.

“अजून एकदा,” मी म्हटलं.

आत्यांचा पाय पुढं आला. गुडघा थरथरत होता, स्टूल फरशीवर करकरलं. मग त्या वर आल्या. कंबर, पाठ, मग मान. पूर्ण सरळ व्हायला त्यांनी भरपूर वेळ घेतला, आणि तेवढा वेळ पंगतीत कुणी हललं नाही. उभं राहिल्यावर त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

“उठा आता,” त्या म्हणाल्या. “हात वाळले असतील.”

चहा झाल्यावर वन्संनी बॅग उचलली तेव्हा आत्या म्हणाल्या, “ती ठेव. मी न्हाई येत.” वन्सं खूप बोलल्या. आई, तिथं तुला बोट हलवायला लागणार नाही. आई, लोक काय म्हणतील, मुलगी असून. आत्या ऐकून घेत होत्या आणि शेवटी वन्संच्या गालावरनं हात फिरवून म्हणाल्या, “दिवाळीला ये. अनरसे करते.” गाडी गेली. बॅग दारातच राहिली.

मी मोरीवर भांड्यांचा ढीग घेऊन बसले. थोड्या वेळानं आत्या आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

“जायचं होतं,” मी ताट घासता घासता म्हटलं. माझा आवाज चढला. “का नाही गेलात? लेक न्यायला आली होती. मला पण जरा सुटल्यासारखं झालं असतं. मी दमलेय आत्या. मला रोज उठून ओरडायचा कंटाळा आलाय. लोकांच्या नजरा झेलायचा कंटाळा आलाय.”

“ठावं हाय मला.”

“मग?”

आत्यांनी चौकटीवरचा हात बदलला. मग म्हणाल्या, “माजी सासू तीन वर्सं जाग्यावर पडून हुती. सगळं मी केलं. मीच उचलायची, मीच ठेवायची. आणि ती बाई मला रोज म्हणायची, माफ कर गं पोरी. सकाळी म्हणायची, संध्याकाळी म्हणायची. आधी वाईट वाटायचं. मग ते ऐकून ऐकून मला तिचा राग याया लागला. शेवटच्या दिवशी बी तेच म्हणाली आणि मी तोंड फिरवलं. तशीच गेली ती.”

माझा हात ताटावर थांबला.

“मी बी तुला म्हणाया लागली हुती,” आत्या म्हणाल्या. “तू पैले ‘असू दे’ म्हणायचीस. मग तू म्हणायची बंद झालीस. तवाच मला कळलं.”

“आत्या, मी थकले होते हो. मनात काही नव्हतं.”

“असंल. पर मला तुजी माफी मागत मरायचं न्हाई. रत्नीकडं गेले तर ती हौसेनं बसवून ठेवल. आणि बसवून ठेवलं की मी पडणार, आणि पडले की माफी मागणार. कुणाची तरी मागणारच. तू मला बसवत न्हाईस.”

“आणि खिडकीतनं लोकांना सांगत होतात ते? सून छळते म्हणून?”

“ते खरंच हाय की,” आत्या म्हणाल्या. “छळतीसच तू.”

मी रडले की हसले ते मला आता नक्की सांगता येणार नाही. आत्या चौकटीला धरून सावकाश खाली वाकल्या, गुडघ्यात, पाठ सरळ ठेवून, आणि घासलेल्या भांड्यांची पाटी उचलली. मी “राहू द्या” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या पाटी घेऊन आत गेल्या.

त्यानंतर सात वर्षं आमचं तेच चाललं. मी दमलेलीच होते. सकाळ झाली की पिशवी, खुर्ची, अजून एकदा. खाकी कापड फाटलं, ह्यांची दुसरी पँट कापली. जगदाळेकाकूंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांनी एकदा कुंपणावरनं विचारलं, वाळू कुठली घेतलीस गं. आत्यांना एकदा ताप आला, एकदा पायरीवरनं तोल गेला आणि आपटल्या. कोपर सुजलं, पण हाड मोडलं नाही. वन्सं दर दिवाळीला यायच्या आणि आता बॅगेचं नाव काढायच्या नाहीत.

गेल्या त्या पौष महिन्यात. दोन दिवस कफ झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, “मी मोरीवर जाऊन येते,” आणि गेल्या. मी मागनं चालले, हात पाठीशी बांधून. त्यांना ते माहीत होतं, मागं वळून बघितलं नाही. परत येऊन पलंगावर बसल्या, पाय स्वतःच वर घेतले. “पाणी आण जरा कोमट,” म्हणाल्या. मी पाणी तापवून आणलं तेवढ्यात संपलं होतं. शेवटचं बोलणं एवढंच, पाणी आण.

आमच्याकडं गेलेल्या माणसाला पलंगावर ठेवत नाहीत, खाली घेतात. ह्यांनी पाय धरले. मी डोक्याकडनं काखेत हात घातले, सात वर्षांनी पहिल्यांदा. मला दवाखान्यातनं आणल्या तेव्हाची सवय होती, त्याच हिशेबानं जोर लावला, आणि त्या उचलल्याच गेल्या नाहीत.

“सावकाश,” हे म्हणाले. “जड आहे.”

मी परत धरलं, पाय रोवले आणि उचललं. चांगल्या जड होत्या आत्या.